खिंडीच्या अलीकडचा दगड

आई, त्या दिवशी आपण पोचलो नसतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. धुकं होतं, दुपार कलली होती, पाणी संपत आलं होतं आणि खिंड अजून किती लांब आहे हे आपल्या दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. तुम्ही आत्ता समोर असतात तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाला असतात, "मृणाल, पोचलो असतो. दगड दिसत होता मला." मी विचारलं असतं, कुठला दगड? आणि निखिल स्वतःचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत गेला असता.

हा वाद आपण रेगेन्सबर्गच्या स्वयंपाकघरात घातला, बसमध्ये घातला, तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना घातला, आणि तुम्ही सांगलीला असलात की फोनवरही घातला. तुम्ही गेलात म्हणून तो मी जिंकले असं मला मुळीच वाटत नाही. उलट आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात, आणि तुमची बाजू मांडायला लागले की तीच जास्त पटायला लागते. तुमचा आवाज काढता येतो मला बऱ्यापैकी. तुम्हाला माहीत नव्हतं ते.

ऑफिसात कुणाला तुमच्याबद्दल सांगायची वेळ आली की मी मायोर्काच्या डोंगरांपासून सुरुवात करते. मायोर्का म्हणजे इथल्या लोकांचं अलिबाग. भूमध्य समुद्रातलं बेट, उन्हाळा आला की निम्मा जर्मनी तिथल्या वाळूवर जाऊन पडतो. तिथं डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांत गाढवं-खेचरं जायची ती जुनी दगडी वाट आहे, हे इथल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. मी सांगते की त्या वाटेवर मी सासूबाईंबरोबर चालले, एकदा नव्हे, दोनदा. समोरची बाई आधी डोंगराकडे लक्ष देते, मग सासूबाईंकडे, आणि मग विचारते, "स्वतःहून?"

पण सुरुवात मायोर्काची नव्हती. पानगळीचे दिवस होते. दुसऱ्यांदा राहिलेलं बाळही चौथ्या महिन्यात गेलं होतं आणि मी अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. तब्येत म्हणावी तर ठीक होती. उठायचं कशाला, एवढाच प्रश्न होता. निखिलनं तुम्हाला फोन केला आणि तुम्ही सांगलीहून निघून आलात. खरं सांगू? तुम्ही येणार म्हणून मी धास्तावले होते. आता या उशाशी बसणार, डोक्यावरून हात फिरवणार, कुठल्या कुठल्या देवाचं नाव काढणार, आणि मला त्यांच्यासाठी बरं वाटून घ्यावं लागणार.

तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर दारात उभ्या राहून म्हणालात, "मला बसून बसून कंटाळा येतो. चालायला जायचंय. पण इथली भाषा येत नाही, हरवले तर कोण शोधणार? तू चल."

"बाहेर फार गार आहे, आई."

"मग स्वेटर घालूया."

एवढंच. नवऱ्याच्या आईला गारठ्यात एकटीला कसं सोडणार, म्हणून मी उठले. आपण डोनाउच्या काठानं जुन्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत तुम्ही माझ्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. नदीकडे बघून म्हणालात, "आपल्या कृष्णेपेक्षा रुंद आहे, पण घाट नाही. कपडे कुठं धुवायचे?" दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी पुलाच्या पलीकडे.

मग रेनाटेबाई आल्या. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या. आम्ही कित्येक वर्षं एका इमारतीत राहत होतो, पण जिन्यात भेटलो की नमस्कार आणि हवापाणी यापलीकडे आमची मजल गेली नव्हती. तुम्ही आठवड्याभरात त्यांची रेणूताई करून टाकलीत, आणि त्यांच्यासाठी तुम्ही नुसत्या वसुधा झालात. तुम्ही मराठीत बोलायचात, त्या बायरिशमध्ये, म्हणजे इथल्या बायर्नच्या बोलीत. "आज वारं बोचरं आहे हो," तुम्ही म्हणायचात. "या, या," म्हणजे हो, हो, म्हणत त्या मान डोलवायच्या आणि त्यांच्या भाषेत भलंमोठं काहीतरी सांगायच्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं की तुम्ही हात वर करायचात. "कळलं मला. तिच्या बहिणीचं ऑपरेशन आहे." मी रेनाटेबाईंना विचारलं. होतं.

त्या एका वान्डरफेराइनमध्ये होत्या, म्हणजे निवृत्त मंडळींचा पायी भटकणारा क्लब. त्यांनी तुम्हाला नेलं. दुभाषी म्हणून तुम्ही मला नेलंत. दोन-तीन फेऱ्यांनंतर दुभाष्याची गरज कुणालाच राहिली नव्हती, पण मी घरी राहते म्हटलं की तुमचा चेहरा पडायचा. "तू नसलीस तर मला एक अक्षर कळत नाही," म्हणायचात, आणि वाटेवर गेलात की रेनाटेबाईंच्या खांद्यावर हात ठेवून कशावर तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचात. कशावर, ते मला आजवर कळलेलं नाही.

बूट घेतलेला दिवस आठवतो? इथल्या दुकानात बूट चालून बघायला एक छोटासा खोटा डोंगर केलेला असतो, थोडे दगड, थोडी खडी, वर एक लाकडी ओंडका. तुम्ही साडीत होतात. पदर खोचलात, आणि बूट वाजवत त्या कमरेएवढ्या डोंगरावर चढलात. वर उभ्या राहून, कपाळावर हात आडवा धरून मला म्हणालात, "विचार तिला, इथून काय काय दिसतं?" मी दुकानातल्या मुलीला विचारलं. ती जराही न हसता म्हणाली, "कॅश काउंटर." तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मग बरोबर ठिकाणी आले." मी हसले. किती तरी दिवसांनी हसले, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. वाकून नाडी बांधत राहिलात.

मग हिवाळ्यात रेनाटेबाईंनी त्यांच्या मायोर्काच्या सहलीचे फोटो दाखवले. समुद्र तुम्ही भराभर पुढे ढकललात. एका फोटोपाशी बोट थांबलं. डोंगरउतारावर ऑलिव्हची झाडं, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या दगडी भिंती, एकीवर एक, थेट वरपर्यंत. "ही तर पौळ," तुम्ही म्हणालात. "दगडावर दगड. मध्ये माती नाही, चुना नाही. माझे वडील आटपाडीच्या माळावर असल्या ताली घालायचे. माती वाहून जाऊ नये म्हणून." फोटो मोठा करून तुम्ही भिंतीतले दगड बघत राहिलात. मग म्हणालात, "निखिल, इथं कसं जायचं?"

निखिलनं तुमच्या वयापासून सुरुवात केली आणि गुडघ्यावर येऊन थांबला. तो म्हणाला, "आई, त्या गुडघ्याचं काय?"

"गुडघा माझा आहे. तू तिकिटं काढ."

शेवटी त्यानं एक अट घातली. मृणाल म्हणेल तिथून मागं फिरायचं. तुम्ही मान डोलावलीत. मी साक्षीदार आहे, डोलावलीत.

एप्रिलात आपण दोघीच गेलो. सोयेर नावाच्या गावात एका बाईंच्या माडीवर खोली मिळाली होती. अंगणात संत्र्याची झाडं होती आणि झाडाखाली पडलेली संत्री कुणी उचलत नव्हतं. तुम्हाला ते बघवेना. पहिल्याच संध्याकाळी मालकीणबाईंना खुणेनं विचारून तुम्ही पदराची झोळी केलीत. दुसऱ्या दिवसापासून चालायला पंजाबी ड्रेस, वर निखिलचं जुनं जाकीट, डोक्याला रुमाल आणि पाठीवरच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू.

वाटेत भेटेल त्याला तुम्ही बायर्नमधल्यासारखं "ग्रूस गॉट" म्हणत सुटलात. मी सांगत होते, आई, हा स्पेन आहे. पण दर तिसरा माणूस जर्मन निघायचा आणि परदेशी डोंगरात आपल्याकडचा रामराम ऐकून खूश व्हायचा. म्युनिककडचं एक जोडपं तर थांबलंच. तुम्ही त्यांना लाडू दिलात. त्या गृहस्थांनी पहिला घास घेतला आणि मला हळूच विचारलं, "हे औषध आहे का?" मी हो म्हटलं. काय सांगणार होते?

कुंपणावरची ती लाकडी शिडी आठवली की मी अजून बसमध्ये, दुकानात, कुठंही हसते. शेळ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून वाटेवर तारेचं कुंपण होतं आणि माणसांसाठी त्यावर दोन्ही बाजूंनी उतरती शिडी. तुम्ही वर चढलात आणि मधोमध अडकलात. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, ओढणी तारेत. मागं सात-आठ जणांची रांग लागली. मी ओढणी सोडवत होते आणि तुम्ही वरून त्या सगळ्यांना शांतपणे म्हणालात, "थांबा जरा, देखावा बघतेय." त्यांना वाटलं तुम्ही खरंच काहीतरी दाखवताय. सगळी रांग वळून दरीकडे बघायला लागली.

आणि मग तो बिनियाराशचा घळीतला रस्ता. रस्ता कसला, पायऱ्याच. गुळगुळीत झालेल्या दगडांची वाट ओढ्याच्या या बाजूनं त्या बाजूला जात वर चढत जाते, आणि दोन्ही अंगांना तुमच्या वडिलांच्या ताली. चढ अंगावर आला की, आपण दोघीच असूनही, तुम्ही तुमचं ते ठेवणीतलं ओरडायचात, "पाय उचला, पोरींनो, उचला!" आणि मधूनच थांबून भिंतीवर तळहात टेकवायचात. "हा दगड बसवताना शिवी घातली असणार," एकदा म्हणालात. "बघ ना कसा वाकडा आहे. तरी बसवलाय." वर जाऊन खिंड ओलांडायची, पलीकडे तळ्यापाशी उतरायचं आणि बसनं परत यायचं, असा बेत होता. त्या तळ्याचं नाव कूबेर आहे हे मी तुम्हाला आदल्या दिवशी सांगितलं ही माझी चूक. "कुबेराचं तळं?" तुम्ही म्हणालात. "मग ते बघितल्याशिवाय मी काही यायची नाही."

दुपारनंतर समुद्राकडून धुकं चढलं. आधी शेळ्यांच्या घंटा नुसत्या ऐकू यायला लागल्या, मग वाटेवरच्या खुणेचे खांब दिसेनासे झाले. मी थांबले.

"अहो आई, मागं फिरूया."

"आता? आलोच की."

"कशावरून?"

"तो मोठा दगड दिसतोय बघ. त्याच्या पलीकडे उतारच असणार."

"मला एकही दगड दिसत नाहीये."

"तुला नाही दिसणार. माझा चष्मा नवा आहे."

असं म्हणून तुम्ही चालायला लागलात. दहा पावलं गेला असाल, आणि जाकिटाचा निळा रंग धुक्यात विरून गेला. नुसते बूट ऐकू येत होते, मग तेही नाहीत. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "अगं थांब! थांब ना गं!"

आधी बूट ऐकू आले. मग तुम्ही धुक्यातून परत आलात, आणि मी घाबरून अर्धी झालेली असताना तुम्ही हसत होतात.

"काय म्हणालीस?"

"थांबा म्हटलं."

"नाही. अगं म्हणालीस."

माझ्या आईला मी अगं म्हणते, तुम्हाला अहो. आई म्हणतेस आणि तुम्हीही म्हणतेस, हे कसलं अर्धवट, असं तुम्ही लग्नानंतर कितीदा म्हणाला होतात. मी दरवेळी हो म्हणायचे आणि जीभ वळायची नाही.

"अगं म्हणालीस म्हणून फिरते मागं," तुम्ही म्हणालात. "नाहीतर पोचलो असतो."

तिथून हा वाद सुरू झाला. माझ्या दृष्टीनं निखिलला दिलेला शब्द होता म्हणून आपण फिरलो. तुमच्या दृष्टीनं तुम्ही मला बक्षीस दिलंत.

उतरताना तुम्ही मागं न बघता पुढे चालत होतात. मला वाटलं, रागावल्या. खाली धुकं नव्हतं. घळीच्या मध्यावर ऑलिव्ह वेचणाऱ्यांचं एक जुनं दगडी घर आहे, तिथं एक माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांना संत्र्याचा रस काढून द्यायचा. आपण त्याच्या बाकावर बसलो. तुम्ही बूट सैल केलेत, ग्लासातला रस निम्मा प्यायलात आणि बसची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणालात, "निखिलच्या आधी मला एक मुलगी झाली होती."

मी ग्लास खाली ठेवला.

"सातव्या महिन्यातच झाली. एक दिवस होती. निखिलला माहीत नाही." तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत होतात. "सासूबाई वाईट नव्हत्या गं. मला काही कामसुद्धा सांगितलं नाही कुणी. खोलीत निजवलं आणि दार लोटून घेतलं. घरात सगळे हळू बोलायचे. मला सारखं वाटायचं, कुणीतरी यावं आणि म्हणावं, चल, विहिरीपर्यंत जाऊन येऊ. पण कुणी आलं नाही. तू तशीच पडून होतीस. मला दुसरं काही सुचलं नाही."

तोवर मी सगळ्या जगाला सांगत होते की मी सासूबाईंना चालायला नेते.

मी चमच्यानं रसातल्या बिया काढत राहिले, सगळ्या काढून झाल्या तरी काढत राहिले. तुम्हीच म्हणालात, "संपव लवकर. तो बिचारा ग्लासासाठी खोळंबलाय." मग आपण उठलो आणि संध्याकाळी गावातल्या चौकात बदामाचा केक खाल्ला, तुम्ही दोन तुकडे, मी एक.

तिचं नाव ठेवलं होतंत का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. नंतर विचारेन म्हटलं. नंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मला तुमच्या मनातलं दार स्वतःहून उघडवेना. आता तेवढं राहून गेलं. बाकी आपल्यात फारसं काही राहिलेलं नाही. म्हणजे मी तुम्हाला थँक्यू म्हणाले नाही, पण म्हणाले असते तर तुम्ही कपाळाला हात लावला असतात.

परत आल्यावर मी कामावर जायला लागले. वान्डरफेराइनच्या बुधवारच्या फेऱ्या मग तुम्ही एकट्याच करायला लागलात, दुभाष्याशिवाय. संध्याकाळी मी आले की बुटांचा चिखल बाल्कनीत वाळत असायचा, आणि तुम्ही पोळ्या लाटता लाटता कोण दमलं, कोणाची काठी मोडली, कोणी कुठला केक आणला होता, ते सांगायचात. मला तुमचा हेवा वाटायचा.

पुढच्या एप्रिलात आपण पुन्हा गेलो. तीच घळ, त्याच पायऱ्या, पण आकाश लख्ख. खिंडीत पोचलो तेव्हा वारा एवढा होता की तुमचा रुमाल उडून झुडपात अडकला. पलीकडे खाली डोंगरांच्या मधोमध ते तळं होतं, हिरवंनिळं, कुणी ताट ठेवावं तसं. तुम्ही ते बघून घेतलंत. हात पुढे केलात, मी फोन दिला, तुम्ही निखिलला व्हिडिओ कॉल लावलात आणि फोन खाली धरून त्याला पाय दाखवलात. "बघ," म्हणालात, "गुडघा पोचला." तो मीटिंगमध्ये होता. त्याच्या मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग तुम्ही वळलात आणि आलो त्या वाटेकडे बोट दाखवलंत. "तो बघ माझा दगड. इथून हाकेवर आहे. म्हटलं नव्हतं?"

"आई, आपण त्या दगडापर्यंत आलोच नव्हतो. आपण त्या खालच्या वळणावर होतो."

"खालच्या वळणावर शेळ्या होत्या. आपण शेळ्यांच्या पुढे होतो."

"शेळ्या चालतात."

दहा मिनिटं आपण त्या वाऱ्यात भांडलो. मागच्या वर्षीचा फोटो काढून बघितला तर त्यात नुसतं पांढरं होतं. तुम्ही म्हणालात, या पांढऱ्यात डाव्या कोपऱ्यात जे करडं दिसतंय तो दगड. मी म्हटलं, ते माझं बोट आहे. खाली तळ्याशी उतरल्यावर तुम्ही पाण्याला हात जोडलेत. मी विचारलं, कुबेराकडे काय मागितलंत? "बस वेळेवर येऊ दे," तुम्ही म्हणालात. ती आली नाही. आपण कठड्यावर बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या आणि मला आठवतं, मला घाई नव्हती. कशाचीच.

जानेवारीत तुम्ही सांगलीला होतात. निखिलच्या सुमनमावशी सांगत होत्या, सकाळी नदीकाठानं चालून आलात, चहा टाक गं म्हणालात, आणि चहा होईपर्यंत खुर्चीतच गेलात. आम्ही पोचलो, सगळं रीतीनं झालं. मावशी मला म्हणाल्या, "शेवटपर्यंत पायावर होती." मी मान हलवली. मला त्या वेळी ते वाक्य पुरेसं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

परतीच्या विमानात मी निखिलला त्याच्या बहिणीबद्दल सांगितलं. सांगावं की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. तुम्ही मला सांगू नकोस असं म्हणाला नव्हतात. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे मला ताई होती." थोड्या वेळानं म्हणाला, "मी ऐकलं नसतं तिचं अजिबात." आणि आम्ही दोघंही हसायला लागलो आणि रडायलाही, इतकं की हवाईसुंदरीनं येऊन पाणी दिलं. उतरायच्या आधी त्यानं विचारलं, "आईनं तुला का सांगितलं? मला का नाही?"

"तू डोंगरात कधी आला नाहीस."

"या एप्रिलला येतो."

तिकिटं तुम्हीच डिसेंबरात काढायला लावली होतीत, तिघांची. त्यानं बूटही घेतलेत. दुकानातल्या त्या डोंगरावर चढायला लाजला. आम्हाला मूल नाही, कदाचित होणारही नाही. पण त्याबद्दल आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही.

आल्यावर आम्ही रेनाटेबाईंकडे गेलो. दार उघडल्यावर त्यांनी निखिलचं केस काढलेलं डोकं बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला जर्मनमध्ये जुळवून ठेवलेली वाक्यं म्हणावीच लागली नाहीत. त्यांनी आम्हाला आत बसवलं, कॉफी केली, आपण फ्लॉवरची भाजी करताना काढलेला तुमचा आणि त्यांचा फोटो टेबलावर आणून ठेवला. निघताना म्हणाल्या, "रविवारी ये. आम्ही डोनाउश्टाउफच्या टेकडीवर जातोय."

गेले. पार्किंगमध्ये दहा-बारा जण जमले होते, सगळे तुमचे सवंगडी, मला चेहऱ्यानं ओळखणारे. प्रत्येकानं हात हातात घेऊन दुखवट्याचे दोन शब्द म्हटले आणि मग नेहमीसारखी काठ्यांची उंची नीट करायला सुरुवात केली. कुणी भाषण केलं नाही, कुणी उभं राहून शांतता पाळली नाही. निघालो. बर्फ नुकतं वितळलेलं, वाटेवर पानांचा चिखल. पहिला चढ सरळ अंगावर येतो. निम्म्यावर गेल्यावर माझे पाय थांबले. दम लागला होता हेही खरं आणि समोरच्या ओळीत एक निळं जाकीट नव्हतं हेही खरं. मी झाडाला हात टेकवून उभी राहिले.

मागं लुडविगआजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही हातांत काठ्या. ते माझ्याजवळ येऊन थांबले, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पाय उत्शला."

मला वाटलं, मला भास झाला. तेवढ्यात पुढून, मागं वळूनही न बघता, रेनाटेबाई ओरडल्या, "उत्शला, पोरींनो, उत्शला." आणि मग ओळीतला एकेक जण, टकले, पिकल्या केसांचे, कंबरेला पट्टा बांधलेले, सगळे आपापल्या परीनं तेच म्हणायला लागले. पुरुषसुद्धा एकमेकांना पोरींनो म्हणत होते.

मी रेनाटेबाईंना गाठून विचारलं, याचा अर्थ माहीत आहे का तुम्हाला?

"अर्थ कशाला?" त्या म्हणाल्या. "भारतात डोंगर चढताना असं म्हणतात. वसुधानं सांगितलं, तिकडे सगळेच म्हणतात. नाही का?"

त्या थांबून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि त्यांच्यामागं सगळी रांग.

"या, गेनाऊ," मी म्हटलं, हो, अगदी बरोबर. "सगळेच म्हणतात."

आणि आई, मी पाय उचलला.